स्वतःहून गैरहजर

सोमवार, ३ फेब्रुवारी

आजही यादीत माझं नाव नाही.

रोज संध्याकाळी सातला ठेकेदाराच्या ग्रुपवर यादी पडते. उद्या कामाला कुणी यायचं, त्यांची नावं. सात वाजत आले की कुकरची शिट्टी झाली तरी माझं लक्ष नसतं. आज एकवीस नावं होती. दोनदा वाचली, मग बोट लावून वाचली.

अंकिता मात्र चौथ्या ओळीत. गेल्या आठवड्यात ती पाच दिवस होती, मी दोन.

दिवाळीपर्यंत असं नव्हतं. शिरवळच्या या कंपनीत औषधाच्या बाटल्यांची टोपणं तयार होतात. आम्ही चाळीस बायका ती टेबलावर पसरून तपासतो. डाग पडलेलं, तडा गेलेलं, कड वाकडी असलेलं टोपण बाजूला काढायचं. तीन वर्षं आठवड्याचे सहा दिवस, रोज आठ तास हेच केलं. दिवाळीनंतर सांगितलं, ऑर्डर कमी झाली, आता आळीपाळीनं यायचं. आळीपाळी म्हणजे सगळ्यांना सारखं, असं मी धरून चालले.

जूनमध्ये स्वरांजलीला इकडे शाळेत घालायचं आहे. सातवीत जाईल. दोन वर्षं माणमध्ये सासूबाईंजवळ आहे, फोनवर आता माझ्याशी पाहुण्यासारखं बोलते. हे मुंबईला वॉचमन, त्यांचं त्यांनाच पुरत नाही. सहा दिवस काम असेल तर खोली टिकेल, खोली टिकली तर पोर येईल.

अंकिता चोवीस वर्षांची, बी. कॉम. झालेली, खंडाळ्याहून स्कूटीवर येते. घरचं छप्पर, घरचं जेवण. तिला पाच दिवस कोण देतं, आणि कशाबद्दल?

गुरुवार, ६ फेब्रुवारी

आज नाव होतं, पण अर्धी पाळी. आठ ते बारा. त्यासाठी हायवे ओलांडून जाऊन-येऊन सहा किलोमीटर चालले.

आत जाताना परमनंट लोकांची बस आली. मशीनवरचे ते सगळे पुरुष. त्यांच्या शर्टावर कंपनीचं नाव, आमच्या एप्रनवर ठेकेदाराचं. ते मशीनमधून टोपण काढतात, आम्ही त्याच टोपणातली खोट काढतो. त्यांना कुणी कधी अर्ध्या दिवसाला बोलावलेलं मी पाहिलं नाही. हरणाबाई तोंडाची फटकळ, ती मोठ्यांदा म्हणाली, "ह्यांची टोपनं अर्धा दिस पडत्यात का गं? मग आमीच का अर्ध्या?" मी तिला कोपरानं ढोसलं. कोण कुठे ऐकत असेल सांगता येत नाही.

बारा वाजता सयाजीदादांनी केबिनमध्ये बोलावलं. ते ठेकेदाराचे सुपरवायझर. कुंडलच्या शेजारच्या वाडीचे, म्हणजे माझ्या माहेरचेच. पहिल्या दिवशी माझं गाव कळलं तेव्हा म्हणाले होते, "मग तुमी आमच्या भनच की." आज म्हणाले, "ताई, माजं अक्षर म्हंजी कोंबडीनं उकरल्यागत. ह्यो हजेरीपट जरा नीट उतरून द्या." चहा मागवला. खुर्ची दिली. इथं मला खुर्ची कुणी दिली नव्हती.

लिहिता लिहिता त्यांनी सगळ्यांची चौकशी केली. कोण कसं आहे, कुणाला काही अडचण. मी सुलाबाईचं सांगितलं. बिचारीचा गुडघा सुजलाय, उभं राहून खोकी बांधताना डोळ्यांत पाणी येतं. तिला बसायचं काम द्या म्हटलं. "बघतो की," म्हणाले.

चांगला माणूस आहे. माहेरचं माणूस ते माहेरचं.

बुधवार, १२ फेब्रुवारी

सुलाबाईचं नाव पाच दिवसांत एकदाही आलं नाही.

ती आणि हरणाबाई माझ्या शेजारच्याच खोलीत राहतात. सुलाबाई विधवा, पन्नाशीची, मागंपुढं कुणी नाही. आज दारात बसून म्हणाली, "सयाजी म्हनतोय, गुडघ्याला आराम द्या. त्याला गुडघा कुनी सांगितला? म्या तर लुगडं खाली वढून चालत हुते."

माझ्या डोक्यात लगेच अंकिता आली. सुलाबाई मलम लावते त्याचा वास चार टेबलांवर जातो. शिकलेली मुलगी, चटकन ओळखणार आणि वर जाऊन सांगणार. नाहीतर पाच पाच दिवस फुकट मिळतात का?

मी सयाजीदादांना बसायच्या कामाची आठवण करून दिली. म्हणाले, वरून आलंय, माझ्या हातात नाही.

मला मात्र त्या पाचातले चार दिवस मिळाले. चारही पूर्ण पाळी.

रविवार, १६ फेब्रुवारी

स्वरांजलीला फोन केला. नव्या शाळेत सायकल लागेल का विचारत होती. म्हटलं, लागेल. मग विचारते, "आई, नक्की ना?" ही शंका तिला कुणी शिकवली? सासूबाई काहीतरी बोलत असणार.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

आता आठवड्यातून दोनदा हजेरीपट मीच लिहिते. ज्या दिवशी जिचं नाव यादीत नसतं त्या रकान्यात 'स्व. गै.' लिहायचं. मी विचारलं, म्हणजे काय? सयाजीदादा म्हणाले, "स्वतःहून गैरहजर. रकाना मोकळा ठिवला की ऑफिसवाले परत पाठवत्यात." कागदी काम असंच असतं. जानेवारीचा माझा रकानाही मी तसाच भरला.

हरणाबाई मोकळ्या दिवसांत खंडाळ्याकडे कांदा काढायला जाते. मागच्या गुरुवारी नाव आलेलं तिला कळलंच नाही, ती वावरात होती. सयाजीदादा चिडले होते, म्हणून मीच तिची बाजू घेतली. म्हटलं, तिचा राग धरू नका, पोटासाठी कांद्याला जाते बिचारी. ते हसले. "म्हंजी दुसरं काम हाय तिला. बरं झालं."

मला वाटलं, मिटलं. काल आणि आज तिचं नाव नाही.

आणखी एक विचित्र गोष्ट. ऑर्डर कमी म्हणतात, पण माल भरून गाड्या पूर्वीइतक्याच निघतात. आज भोरकडून एक व्हॅन भरून नव्या मुली आल्या. सगळ्या अर्ध्या पाळीच्या. सयाजीदादांना विचारलं तर म्हणाले, "ताई, माजा बी करार अकरा म्हैन्यांचा हाय. मला काय इचारताय?" तेव्हा त्यांचा चेहरा असा उतरला की मलाच वाईट वाटलं.

शनिवार, १ मार्च

जेवायच्या सुट्टीत मी डबा घेऊन गेले की बोलणं थांबतं. अंकिता अचानक वाटाण्याच्या उसळीचं कौतुक करायला लागते. उसळ रोजचीच असते.

तिनं सगळ्यांचे कान भरलेत. मला पाच दिवस मिळायला लागले हे तिला सहन होत नाही.

रविवार, ९ मार्च

आज दुपारी सुलाबाईच्या खोलीत बायका जमल्या. मला बोलावणं नव्हतं. सुलाबाईच येऊन म्हणाली, "तू बी ये. आपल्यातलीच हायस न्हवं." मी गेले तर हरणाबाईनं तिच्याकडे असं पाहिलं की विचारू नका.

अंकिता मधोमध बसली होती. सांगत होती की ऑर्डर-बिर्डर काही कमी नाही. "वर्षात दोनशे चाळीस दिवस भरले तर आपल्याला हक्क सांगता येतो. म्हणून ते भरूच देत नाहीत. चाळीस जणींचं काम ऐंशी जणींत वाटलं की कुणाचेच भरत नाहीत. शिवाय आपण रोज संध्याकाळी एकमेकींच्या नावावर डोळा ठेवून बसतो, मग त्यांच्याशी कोण भांडणार?"

मग तिनं अर्ज काढला. साताऱ्याला कामगार कार्यालयात द्यायचा. आठ जणींनी सह्या केल्या, सुलाबाईनंही. अंकिताची नववी.

कागद माझ्यापुढं आला. बोलली ते सगळं मला पटत होतं, तेच वाईट. पण मनात आलं, जिला सगळ्यांत जास्त काम मिळतं ती हे कशाला करेल? ठेकेदारानंच पाठवलं असेल तर? कोण कोण उलटणार आहे ते बघायला सह्या गोळा करायच्या, यापेक्षा सोपा मार्ग कोणता?

मी म्हटलं, यांना विचारून सांगते.

"इचार की," हरणाबाई म्हणाली. "तुजं इचारायचं लय असतं."

सोमवार, १० मार्च

मी आज सरळ सयाजीदादांना विचारलं. म्हटलं, भावासारखे आहात म्हणून विचारते, खरं सांगा. अंकिता सह्या गोळा करतेय, तिला तुम्हीच पाठवलंय का?

त्यांचा चहाचा कप तोंडाजवळच राहिला.

"कसल्या सह्या?"

मी म्हटलं, काही नाही, बायका आपलं बोलतात. ते उठून दार लावून आले. "ताई, तुमी भिऊ नका. कुनाकुनाच्या हायत तेवढं सांगा, म्हंजी मी त्यांस्नी समजावतो. उगा वरपर्यंत गेलं तर पोटावर येईल त्यांच्या." मी नावं सांगितली नाहीत. सुलाबाईच्या खोलीत जमल्या होत्या एवढंच मी म्हणाले. आणि नऊ जणी, एवढं.

 बाहेर आल्यावर एक कळलं. त्यांना खरंच माहीत नव्हतं. म्हणजे अंकिता त्यांची नव्हे.

मग ती कुणाची?

बुधवार, १२ मार्च

सकाळी गेटवर नऊ जणींना अडवलं. वॉचमनकडे कागद होता. त्यात अंकिता, हरणाबाई, सुलाबाई आणि बाकी सहा. अंकितानं कारण विचारलं तर म्हणाला, मला कागद दिलाय, कारण दिलेलं नाही.

मला आत सोडलं.

दिवसभर टोपणं तपासली. दोनदा डाग असलेला माल पुढं गेला आणि ओरडा खाल्ला. संध्याकाळी घरी आले तर हरणाबाई माझ्या दारातच बसलेली.

"सुलीचा गुडघा कुनाकुनाला ठावं हुता? मला आनि तुला."

मी म्हटलं, अंकितानं मलमाच्या वासावरनं...

"अंकी त्या वक्ताला दुसऱ्या हॉलमदी हुती. लेबलं छापाय. तिला काम्प्युटर येतोय म्हनून पाच दिस बोलवत हुते. तुला म्हाईत न्हाई? इचारलंस कवा?"

मी कुलपाची किल्ली शोधायला लागले.

"माजा कांदा कुनी सांगितला?"

"मी तुझी बाजू घेत होते गं."

"आनि ह्या सह्या?"

"मी नावं नाही सांगितली. देवाशपथ नाही सांगितली."

ती उठली. लुगड्याची धूळ झटकली. म्हणाली, "खोली सांगितली असशील." आणि गेली.

शुक्रवार, १४ मार्च

धुळवड. चाळीत पोरं रंग खेळतायत. माझ्या दाराला कुणी हात लावला नाही.

मी चहाडी केली नाही. मी गुडघ्याला बसायचं काम मागितलं. कांद्याचं सांगितलं ते राग जावा म्हणून. सह्यांचं तर फक्त विचारलं. तिन्ही वेळा माझ्या मनात वाईट नव्हतं.

दुपारपासून हेच लिहायचा प्रयत्न करते आहे. पहिल्या दोन गोष्टी लिहून होतात. तिसरीपाशी पेन थांबतं. कारण अंकिताला पकडायचं होतं मला. ती ठेकेदाराची निघाली असती तर मला आनंद झाला असता.

मंगळवार, २५ मार्च

अंकितानं अर्ज तरीही दिला. आधीचा साधा होता, आता कामावरून काढल्याचाही आहे. परवा साताऱ्याला बोलावलं आहे, ठेकेदारालाही.

सयाजीदादांनी केबिनमध्ये बोलावून सांगितलं, "ताई, गाडीनं माझ्यासंगं यायचं. एकच सांगायचं, ह्या बाया आपल्या मर्जीनं येत न्हवत्या. हजेरीपट तुमीच लिवलाय, तुमच्या सांगन्याला वजन हाय." मग हळूच म्हणाले, "एक तारखेपास्नं सहा दिस. पुरी पाळी. पोरीला आना जूनमदी."

स्वरांजलीचं मी त्यांना कधी सांगितलं होतं, आठवत नाही. सांगितलंच असणार. काय काय सांगितलंय मी या माणसाला?

यांना फोन केला. हे म्हणाले, "जे सांगतात ते बोल आणि मोकळी हो. बाकीच्यांचं तू काय देणं लागतेस?" मी हो म्हटलं. हो म्हटल्यावर बरं वाटलं, हेही लिहून ठेवते.

गुरुवार, २७ मार्च

गाडीत सयाजीदादा माझ्या माहेराबद्दल बोलत होते. भाऊ काय करतो, ऊस तुटला का. मी मोजकं बोलले. आता त्यांच्या प्रत्येक प्रश्नाला दुसरं टोक दिसतं.

कार्यालयात नऊ जणी बाकावर ओळीनं बसलेल्या. सुलाबाईनं नवं लुगडं नेसलं होतं. मला सयाजीदादांबरोबर येताना बघून कुणी मानसुद्धा हलवली नाही, जणू ठरलेलंच होतं.

साहेब चष्मा लावलेले, कंटाळल्यासारखे. सयाजीदादांनी हजेरीपट पुढं ठेवला. साहेबांनी पानं उलटली आणि विचारलं, "सुलाबाई कोण? तुम्ही फेब्रुवारीत सतरा दिवस स्वतःहून गैरहजर आहात."

सुलाबाईला कळेना. "कोन, म्या? सायेब, म्या रोज सातला फोन घिऊन बसती. नाव आलं न्हाई तर कशी जाऊ?"

"इथं लिहिलंय. हे कुणी लिहिलं?"

"ह्या ताईंनी," सयाजीदादा म्हणाले. "त्यास्नीच इचारा. कामगारच हायत, ठेकेदाराची बाई न्हवं."

साहेबांनी माझं नाव विचारलं आणि बोट फिरवत माझ्या ओळीवर आले. "तुम्हीही जानेवारीत तेरा दिवस स्वतःहून गैरहजर? काही आजारपण?"

त्यांनी पट माझ्याकडे फिरवला. तेरा रकाने. सुबक, एकसारखे, माझ्याच अक्षरात. जानेवारीत मी एक दिवसही स्वतःहून घरी राहिले नव्हते. ताप असताना गेले होते एकदा.

मी म्हटलं, "आजारपण नाही. मला बोलावलं नव्हतं."

"मग असं का लिहिलंत?"

"लिहायला सांगितलं म्हणून. यांचंही आणि माझंही. ज्या दिवशी नाव यादीत नसे त्या दिवशी हेच लिहायचं, असं सांगितलं होतं. सगळ्यांच्या फोनवर याद्या आहेत, त्या बघा." थांबले असते तर चाललं असतं. पण निघालं तोंडातून. "आणि सह्यांचं मीच सांगितलं. म्हणून यांना गेटवर अडवलं."

सयाजीदादा माझ्याकडे बघत राहिले. रागानं नव्हे. "ताई," एवढंच म्हणाले. साहेबांनी चष्मा काढून पुसला आणि कारकुनाला याद्या मागवून घ्यायला सांगितलं.

बाहेर अंकिताला गाठलं. हात जोडायला गेले तर ती मागं सरकली. "आता हे कशासाठी बोललात? त्यांनीच सांगितलंय का?"

 तिच्या जागी मी असते तर हेच विचारलं असतं.

परतीला गाडी नव्हती. स्टँडवरून एसटी धरली. सगळ्या पुढं बसल्या, मी मागं.

शुक्रवार, ४ एप्रिल

माझं नाव ग्रुपमधूनच काढलंय. त्यामुळं संध्याकाळी सात वाजता आता काही होत नाही.

साहेबांनी पुढची तारीख दिली आहे. त्याआधीच ठेकेदारानं पाच जणींना परत बोलावलं, अर्ध्या पाळीला. त्यातल्या तिघींनी अर्जावरची सही मागं घेतली. हरणाबाईला बोलावणं आलं होतं, ती गेली नाही. सुलाबाईला आलंच नाही. अंकिता अर्जावर ठाम आहे, खंडाळ्यात एका दुकानात बिलं करते. सयाजीदादांचा करार पुढं वाढला की नाही, कळलं नाही. विचारावंसं वाटलं आणि कुणाला विचारावं तेच कळेना.

स्वरांजलीला सांगितलं, जूनचं आता सांगता येत नाही. ती म्हणाली, "मला माहीत होतं." रडली असती तर बरं झालं असतं.

तीन दिवस झाले, मीही कांदा काढायला जाते. त्याच वावरात हरणाबाई आणि सुलाबाई आहेत. मुकादमानं मला त्यांच्या शेजारची सरी दिली. दुपारी बाभळीखाली सगळ्या जेवायला बसल्या, मी बांधावर.

भाकरी मोडता मोडता सुलाबाईनं तिथूनच विचारलं, "त्यानं तुला काय दिलं गं?"

"पाच दिवस," मी म्हटलं.

"आनि आमास्नी काढल्यावर?"

"सहा देणार होता."

ती गुडघा चोळायला लागली. "सहाच?" म्हणाली. 

संध्याकाळी पाट्या उपड्या करून ठेवल्यावर हरणाबाई पाठमोरीच म्हणाली, "उद्या सातला वडापची जीप सुटतीया. उशीर केला तर थांबनार न्हाई."

सुलाबाई तिच्या उजव्या हाताला होती आणि मी डावीकडं, जरा मागं. ती दोघींपैकी कुणाला म्हणाली ते मला कळलं नाही. सुलाबाई तर तिच्याच खोलीत राहते, तिला वेगळं सांगायची काय गरज?

साडेसहालाच जाऊन उभी राहीन.